मुलाच्या अंगणात गेलेली शाळा

शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग, ही समजूत आपल्या शिक्षणव्यवस्थेत इतकी मुरलेली आहे की तिच्याविषयी कोणी शंका घेतली तर तोच शिस्तीचा शत्रू ठरावा. तपासणीला आलेले अधिकारी व्हरांड्यातून जाताना ज्या वर्गातून आवाज येत नाही त्या वर्गाच्या शिक्षकाविषयी मनात अनुकूल नोंद करतात. वस्तुतः अशा वर्गात हजेरीच्या वेळी उच्चारलेला एक शब्द सोडला तर दिवसभरात तोंड न उघडणारी मुले कितीतरी असतात. कोणाला आपण बुजरा म्हणतो, कोणाला घुमा म्हणतो, आणि फारच घाई असली तर मठ्ठ म्हणून मोकळे होतो. हे मूल स्वभावतःच अबोल आहे की शाळेच्या उंबरठ्यावर त्याची वाचा बसली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ज्यांनी तो विचारला आणि त्याचे उत्तर शोधण्यात आपल्या आयुष्याची उत्तरार्धातील वर्षे वेचली, त्या ताराबाई मोडक यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे निष्ठावंत अनुयायी होते. आई उमाबाई यांच्याशी त्यांनी केलेला विवाह हा पुनर्विवाह होता, आणि त्या काळात अशा विवाहाची किंमत समाज कशी वसूल करीत असे, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको. बहुसंख्यांच्या रूढीपेक्षा स्वतःच्या विवेकाला मान देणाऱ्या घरात ही मुलगी वाढली. मुलींना अक्षरओळख करून देणे हेच पुष्कळ ठिकाणी धाडस मानले जात होते, अशा काळात, १९१४ साली, त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या.

पुढील आयुष्य मात्र सरळ रेषेत गेले नाही. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो संसार टिकला नाही. पतीपासून विभक्त होऊन, लहान मुलीची जबाबदारी घेऊन, स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा निर्णय त्यांनी घेतला. राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. पद मानाचे होते आणि अर्थप्राप्तीही बरी होती. एकट्या स्त्रीने ते आयुष्यभर सांभाळले असते तरी तिला कोणी नावे ठेवली नसती. परंतु जवळच भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. ताराबाई त्या प्रयोगाकडे ओढल्या गेल्या आणि १९२३ च्या सुमारास राजकोटचे स्थैर्य सोडून त्या गिजुभाईंच्या सहकारी झाल्या.

गिजुभाई हे पेशाने वकील. मुलांच्या शिक्षणाने त्यांना असे झपाटले की वकिली मागे पडली आणि मुलांनी व पालकांनी त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, हे नाव बहाल केले. माँटेसरीबाईंच्या शास्त्रशुद्ध साधनांचा त्यांनी स्वीकार केला, पण तो डोळे झाकून नव्हे. माँटेसरी पद्धतीत मूल आपल्या चटईवर बसून आपले साधन हाताळते, चुका आपणच सुधारते आणि एकाग्रतेचे सुख अनुभवते. या एकाग्रतेचे मोल गिजुभाईंना पुरते ठाऊक होते. तथापि भारतीय मूल गोष्टीत वाढते, गाण्यात वाढते, आजीच्या मांडीवर ऐकता ऐकता बोलू लागते, याचेही त्यांना भान होते. म्हणून त्यांच्या बालमंदिरात साधनांच्या जोडीला कथाकथन आले, लोकगीते आली, मुलांनीच उभी केलेली नाटुकली आली. शिक्षा गेली आणि तिच्याबरोबर बक्षीसही गेले.

मुलांच्या बोलण्याच्या दृष्टीने या बदलाचे महत्त्व मोठे होते. प्रश्नोत्तराच्या धड्यात मूल बोलते ते परीक्षा दिल्यासारखे. उत्तर शिक्षकाला आधीच माहीत असते आणि चुकण्याचा धोका तेवढा मुलाच्या वाट्याला येतो. गोष्टीचे तसे नसते. पुढे काय झाले असावे, याविषयी मुलाला काहीही सुचले तरी ते चालते, आणि एकाने सुचविलेल्यावर दुसरा आपले काही रचतो. अशा रीतीने मुले केवळ शिक्षकाशी नव्हे तर एकमेकांशी बोलू लागतात. नाटुकल्यात तर आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याचे ऐकणे, त्याला सावरून घेणे, हे सारे सामाजिक वर्तन उपदेशावाचून अंगवळणी पडते. ताराबाईंनी भावनगरला जे आत्मसात केले त्याचे सार हेच म्हणावे लागेल: मुलाला बोलावयास शिकविण्यापूर्वी त्याची भीती घालवावी लागते, आणि शिक्षकाला प्रथम ऐकावयास शिकावे लागते.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षणपत्रिके’च्या द्वारा ताराबाईंनी हा विचार पालकांपर्यंत आणि शिक्षकांपर्यंत पोहोचविण्याचा अखंड उद्योग केला. १९३६ मध्ये त्या मुंबईत आल्या आणि दादरच्या शिशुविहारात त्यांनी बालशिक्षणाचे व शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम उभारले. मराठी मध्यमवर्गाने ते आनंदाने स्वीकारले. दादर, गिरगाव, पुणे येथील सुशिक्षित पालकांना बालमंदिराची गोडी लागली. १९३९ मध्ये गिजुभाई निवर्तले आणि त्या चळवळीची धुरा स्वाभाविकपणे ताराबाईंच्या खांद्यावर आली.

सामान्य माणसाची कर्तबगारी येथे पूर्ण झाली असती. ताराबाईंना मात्र या यशातली उणीव दिसत होती. जी मुले बालमंदिरात येत ती मुळातच बोलक्या घरांतील होती. त्यांच्या घरी पुस्तके होती, पाहुणे होते, मुलांचे कौतुकाने ऐकून घेणारी माणसे होती. १९३१ मध्ये लंडनच्या माँटेसरी प्रशिक्षण विद्यालयात बोलताना गांधीजींनी या पद्धतीचा लाभ गरिबांच्या मुलांनाही मिळावा, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. ती अपेक्षा पुरी करावयाची तर महागड्या साधनांपासून शहरी वेळापत्रकापर्यंत सारेच नव्याने मांडावे लागणार होते.

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. हा भाग आता पालघर जिल्ह्यात मोडतो. आचार्य भिसे यांच्यासारख्यांच्या तपश्चर्येमुळे बोर्डीत शिक्षणाचे वातावरण होते. याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या आणि शिक्षिका म्हणून स्वतःला घडविलेल्या अनुताई पुढे ताराबाईंच्या केवळ सहकारी राहिल्या नाहीत, तर त्यांच्या कार्याच्या वारस झाल्या.

बोर्डीत पहिलीच अडचण आली ती अशी की ज्यांच्यासाठी बालवाडी काढली ती मुले बालवाडीत येईनात. गावातील बऱ्या घरची मुले येत. दलित वस्तीतील मुले फिरकत नसत. याचे खापर पालकांच्या अनास्थेवर फोडून स्वस्थ बसणे सोपे होते, आणि तसे करणाऱ्यांची वाण आजही नाही. ताराबाईंनी प्रश्न उलटा केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. तेथील अंगण झाडून घ्यावे, मुलांना गोळा करावे, त्यांचे हातपाय धुवावेत, केस विंचरावेत, आणि मग त्याच अंगणात गाणी, गोष्टी व खेळ सुरू करावेत, असा क्रम पडला. मध्यवर्ती बालवाडी आणि अंगणातील बालवाडी असे दोन प्रकार त्यातून रूढ झाले. आज देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द या अंगणातून निघालेला आहे.

अंगणवाडीकडे आपण बहुधा सोय म्हणून पाहतो. इमारत नको, खर्च कमी, मूल हाताशी. परंतु मुलांच्या बोलण्याच्या अंगाने विचार केला तर तिचे खरे मर्म निराळे दिसते. शाळेच्या खोलीत मूल पाहुणे असते आणि शिक्षक यजमान. काय बोलावे, केव्हा बोलावे, कोणत्या शब्दांत बोलावे, हे यजमान ठरवितो. अंगणात हे नाते पालटते. तेथे शिक्षिका पाहुणी असते. शेळीचे नाव काय, आजी कोठे गेली, झाडावर घरटे कोणी बांधले, हे तिला ठाऊक नसते आणि मुलाला ठाऊक असते. ज्याला सांगण्यासारखे काही आहे आणि ऐकणाऱ्याला ते खरोखरच हवे आहे, ते मूल फार काळ मुके राहत नाही.

साधनांचेही तसेच झाले. परदेशी बनावटीच्या लाकडी ठोकळ्यांच्या व मण्यांच्या जागी शंखशिंपले आले, बिया आल्या, पाने, खडे आणि बांबूचे तुकडे आले. खर्च वाचला हे खरे, पण त्याहून मोठा लाभ असा की या वस्तूंची नावे मुलाला आधीपासूनच येत होती. अनोळखी वस्तूचे अनोळखी नाव पाठ करणे आणि ओळखीच्या वस्तूविषयी गप्पा मारणे, यांतील अंतर ज्याला कळले त्याला भाषाशिक्षणाचे निम्मे शास्त्र कळले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

१९५७ मध्ये संस्थेचे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. भोवती वारली आदिवासींचे पाडे होते. या मुलांच्या मौनाला इतिहास होता. जमीनदार आणि सावकार यांच्या वेठीने हा समाज पिढ्यान्‌पिढ्या पिळून निघाला होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने मालकाच्या घरी राबत राहावयाचे, ही ‘लग्नगडी’ची पद्धत याच मुलखातली. १९४५ ते १९४७ या काळात गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, त्याला कोसबाडच्या वेळी उणीपुरी दहाबारा वर्षे झाली होती. धुवट कपड्यांतला माणूस पाड्यावर आला की काहीतरी न्यावयालाच आला, हा ज्यांचा अनुभव, त्यांच्या मुलांनी शिक्षिकेसमोर तोंड मिटून घेतले तर त्यात नवल कसले? तो मठ्ठपणा नव्हता. तो बापजाद्यांकडून शिकलेला शहाणपणा होता.

तीच मुले आपल्या पाड्यावर मुकी नव्हती. तारप्याच्या सुरावर रात्र रात्र नाचणारा, भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणारा हा समाज अभिव्यक्तीच्या बाबतीत दरिद्री म्हणताच येणार नाही. अडचण होती ती भाषेची. मुलांच्या जिभेवर वारली बोली आणि शाळेच्या पुस्तकात प्रमाण मराठी, या दोहोंमधील अंतर पहिल्याच दिवशी तुटून पडावे ही अपेक्षाच अन्यायाची होती. म्हणून गाणे, खेळ, चित्र आणि हातकाम यांचा पूल बांधावा लागला. शब्द नसतानाही ज्यात भाग घेता येतो अशा गोष्टी आधी, आणि शब्द मागून.

कोसबाडला आणखी एक गोष्ट ताराबाईंनी ध्यानात घेतली. मोठी बहीण शाळेत येऊ शकत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे. भाऊ येऊ शकत नाही, कारण त्याला गुरे राखावयाची आहेत. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली, आणि गुराख्यांच्या पोरांसाठी कुरणावरच शाळा भरू लागली. भावंडाला दूर लोटून मुलाला शाळेत आणावयाचे नाही, त्याच्या नात्यांसह आणावयाचे, हे या योजनेचे सूत्र होते. मुलाचे समाजजीवन शाळेत सुरू होत नाही; ते घरी केव्हाच सुरू झालेले असते. ते तोडून नवे जोडू पाहणारी शाळा बहुधा दोन्ही गमावते.

या कार्यावर आक्षेप घेता येणार नाहीत असे नाही. न्हाणे, विंचरणे, टापटीप यांवरील भर हा शहरी मध्यमवर्गाचा संस्कार आदिवासींवर लादणे नव्हे काय, असे आज कोणी विचारील. शेवटी मुलाने प्रमाण मराठीकडेच यावयाचे, मग बोलीचा मान तो किती, असेही विचारता येईल. हे प्रश्न रास्त आहेत, आणि बाहेरून आलेल्या प्रत्येक सुधारकाला ते लागू पडतात. पण न्याय करताना इतके मान्य केले पाहिजे की ज्या काळात आदिवासी मूल शिकण्यालायकच नाही असे उघड बोलले जात होते, त्या काळात या बाईने दोष मुलात न शोधता शाळेत शोधला. तिची दिशा योग्य होती. उरलेली वाट चालणे हे आपले काम होते.

१९६२ मध्ये पद्मभूषण देऊन राष्ट्राने ताराबाईंचा गौरव केला. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत, कोसबाडचे काम चालविले. आज देशातील अंगणवाड्यांची संख्या चौदा लाखांच्या आसपास आहे. एका शब्दाला याहून मोठे भाग्य कोणते?

आणि तरीही, शब्द जितका पसरला तितका त्याचा अर्थ विरळ झाला, हे नाकारता येत नाही. अंगण गेले आणि खोली आली. पोषण आहार, वजन, लसीकरण ही कामे अत्यावश्यक आहेत. भुकेले मूल काय बोलणार? परंतु तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या सेविकेच्या माथी नोंदवह्यांचे आणि मोबाईलवरील माहितीचे ओझे इतके आहे की मुलाशेजारी बसून त्याचे ऐकण्यास तिला उसंत मिळत नाही. इकडे शहरांत शिशुवर्गातील तीनचार वर्षांच्या मुलाला घरात न बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीत गप्प बसविण्यासाठी पालक भरमसाट शुल्क मोजतात. पाड्यावरचे मूल आणि फ्लॅटमधले मूल यांच्या नशिबी आलेले मौन शेवटी एकाच जातीचे आहे.

कायद्याची उणीव आहे असेही नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमात मुलाला भयमुक्त करणे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करणे, हे शिक्षणाचे कर्तव्य म्हणून नमूद आहे. शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असेही तेथे म्हटले आहे. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कविषयक कायद्याने ऐकण्याबोलण्यात अडचण असलेल्या मुलांनाही सर्वांबरोबर शिकण्याचा हक्क दिला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घरच्या भाषेचा पुरस्कार केला आहे. म्हणजे ताराबाईंनी अंगणात जे आचरले ते आता राजपत्रात आले आहे. राजपत्रातून ते वर्गात कसे उतरावे, हा प्रश्न तेवढा शिल्लक आहे.

तो सोडविण्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. मुलाने बोलीतील शब्द वापरला तर तो खोडण्याऐवजी फळ्यावर प्रमाण शब्दाच्या शेजारी लिहिता येतो. प्रश्न विचारल्यावर लगेच पुढच्या मुलाकडे न वळता चार क्षण थांबता येते. पुष्कळ मुलांना शब्द जुळविण्यास तेवढाच अवकाश हवा असतो. सर्व वर्गापुढे ज्याचे पाय लटपटतात ते मूल शेजारच्या एकाशी बोलू शकते. म्हणून आधी जोडीत, मग चौघांत आणि शेवटी वर्गात, अशी पायरी बांधता येते. अडखळत बोलणाऱ्याचे वाक्य आपण पुरे करावयाचे नाही, आणि इतरांना हसू द्यावयाचे नाही, एवढा नियम वर्गाने पाळला तरी पुष्कळ साधते. ज्याला शब्द अजिबात जमत नाहीत त्याच्याकडे पाणी वाटण्याचे, चित्र लावण्याचे, रोप सांभाळण्याचे काम द्यावे. सहवासाचे दार बोलण्याने उघडत नसेल तर कामाने उघडते. आणि मूल मुळीच प्रतिसाद देत नसेल तर शिक्षा करण्यापूर्वी त्याचे कान तपासून घ्यावेत.

पन्नास पोरांच्या वर्गात हे कसे व्हावे, अभ्यासक्रम कोण पुरा करणार, असे शिक्षक विचारतील, आणि त्यांची अडचण खोटी नाही. प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण कायद्याने घालून दिले आहे. ते पाळण्याची जबाबदारी शासनाची आहे आणि तिची आठवण त्याला वारंवार करून दिली पाहिजे. पण बोलणे हा अभ्यासक्रमाच्या आड येणारा खेळ नव्हे. ज्या मुलाने विचार शब्दांत मांडलेलाच नाही ते मूल तो कागदावर कसा उतरविणार? चवथीत वाचता न येणाऱ्या मुलांविषयी आपण दरवर्षी हळहळतो. पहिलीत त्यांच्याशी कोणी बोलले होते काय, याची विचारपूस मात्र करीत नाही.

ताराबाईंचे चरित्र आपल्याकडे जयंतीला आठवले जाते आणि त्यागाची गाथा म्हणून सांगितले जाते. त्याग त्यांच्या आयुष्यात होताच. परंतु राजकोटहून भावनगरला, दादरहून बोर्डीला आणि बोर्डीहून कोसबाडला जाताना दर वेळी त्या नव्या मुलाकडे निघाल्या होत्या, आधीच्या शाळेत ज्याचा आवाज ऐकू आला नव्हता अशा मुलाकडे. आपल्याला एवढा प्रवास करावयाचा नाही. आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेले मूल दहाबारा पावलांवर आहे.